तीन किलो तांदूळ

ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात
मी तांदूळ घेऊन गेले होते.
आंबेमोहोर, तीन किलो,
जुन्या अभ्र्यात भरून तोंड शिवलेला.
डॉक्टर म्हणाल्या होत्या, साधारण एवढंच भरेल बाळ.

निनादकडे टेप होती आणि यादी.
बैठक सतरा इंच. पाय जमिनीला टेकायला हवेत.
खुर्चीचे हात कोपराच्या उंचीला,
म्हणजे खांदे वर ओढले जाणार नाहीत.
कापड पुसता येणारं.
सगळ्यात खाली मी पेन्सिलीनं लिहिलं,
दिसायला छान.
लिहिताना थोडी लाजले,
दुखऱ्या कमरेनं आणखी किती मागायचं म्हणून.

सासूबाई म्हणाल्या होत्या, खुर्ची कसली गं,
आम्ही भिंतीला पाठ लावली, मांडीवर उशी घेतली,
दोघांना पाजलं.
खरं आहे.
त्यांची पाठ अजून त्या भिंतीसारखीच आहे.

पहिल्या दुकानात पांढरी, डोलणारी,
पायाखालचं स्टूलसुद्धा डोलणारं.
किंमत ऐकून निनादनं टेप खिशात ठेवली.
दुसरीत बसले ती उठताच येईना,
गाळात रुतलेल्या होडीसारखं
दोघांनी ओढून काढलं मला.
तिसरी मोरपंखी मखमल. जीवच जडला.
पण हात इतके उंच
की तांदूळ माझ्या हनुवटीशी दूध मागू लागला.

प्रत्येक खुर्चीत मी अभ्रा छातीशी धरायचे
आणि दुकानातली माणसं एकदम
पंख्याकडे, फोनकडे, रस्त्याकडे बघायची.
तांदळाचीसुद्धा लाज वाटते माणसांना.

मुस्तकीमभाईंनी नजर वळवली नाही.
पॉलिशच्या वासात, मागच्या गल्लीत,
कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्यातली
वेताची खुर्ची पुढे सरकवली त्यांनी.
"डोकं वर घ्या लेकराचं," म्हणाले,
"नाक दबतंय."
मी तांदळाचं नाक मोकळं केलं.
मग खाली बसून त्यांनी
माझ्या टाचेखालून उर्दू पेपर सरकवला.
सहज गेला.
पेपराची घडी घातली, पुन्हा सरकवला.
अडकेपर्यंत घड्या घातल्या
आणि तेवढीच करवत चालवली चारही पायांवर.
टेप कुणी मागितलीच नाही.

दिसायला?
बसल्यावर तिच्या पाठीची कमान दिसत नाही.
बाथरूममधून येताना दिसते,
दिव्याच्या उजेडात, रिकामी,
आणि मला दर वेळी बरं वाटतं.

आली ती दोन किलो सहाशेची.
चारशे ग्रॅमनं सगळा हिशोब चुकला.
आता उजव्या कोपराखाली घडी घातलेला पंचा असतो.
यादीत बरंच काही नव्हतं:
चिरलेल्या बोंडाला ती लागते तेव्हा
पायाची बोटं आपोआप वळतात,
मांडीवर वेताची जाळी उमटते,
पहाटे तीनला पाण्याची मोटर खाकरते
आणि समोरच्या टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर
कुणीतरी शर्टाला इस्त्री करत असतं.
रोज. मला वाटतं, एकच शर्ट.

पाचव्या दिवशी सासूबाईंनी अभ्र्याची शिवण उसवली.
मऊ भात, तूप, मेतकूट.
याच खुर्चीत बसून खाल्ला मी.
तासाभरानं ती
मुठी आवळून
पुन्हा प्यायला लागली.

दुपारी मी झोपलेय असं समजून
सासूबाई येऊन बसतात तिच्यात.
पाठ सावकाश टेकवतात, आधी अर्धी, मग सगळी.
हात मांडीवर, उताणे.
मी डोळे किलकिले करून बघते.
त्यांच्या टाचा जमिनीला पोचत नाहीत,
खालून एक पेपर सहज जाईल.